कोटावरून उचललेले घोडे

बावीस वर्षं मी लोकांना सातपुड्यात पायी फिरवलं आणि नेलेला प्रत्येक माणूस परत आणला. कुणाचा पाय मुरगळला, कुणाला मधमाश्या चावल्या, नाशिकच्या एका गृहस्थांना तर चादरीच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागलं. पण आणलं. या कामात फुशारकी मारण्यासारखी तेवढीच एक गोष्ट असते, ती मी मारतो.

काम बंद केल्याला दोन वर्षं झाली. गुडघे गेले म्हणून बंद केलं, असं मी शहाद्यात सगळ्यांना सांगतो. गुडघे चांगले आहेत.

आमचं घर तापीकाठचं. केळी आणि कापूस मोठा भाऊ बघायचा, आणि त्याला माझी मदत कधीच पसंत पडली नाही. उत्तरेला डोंगर दिसायचा, मी तिकडे जायचो. मग ओळखीचे लोक सोबत येऊ लागले, त्यांच्या ओळखीचे येऊ लागले, आणि एक दिवस लक्षात आलं की हेच आपलं काम झालंय.

काम बाहेरून सोपं वाटतं. पुढे चालायचं आणि बोट दाखवून झाडाचं नाव सांगायचं. खरं तर झाडाचं नाव चुकलं तरी चालतं, पाण्याची जागा चुकून चालत नाही. जथ्याचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाचा असतो, आणि तो माणूस कोण हे पहिल्या अर्ध्या तासात ओळखावं लागतं. तोच बहुतेक वेळा सगळ्यात जास्त बोलत असतो. दर थांब्यावर डोकी मोजायची. निघताना प्रत्येकाच्या पिशवीतल्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि पुडे मोजून वहीत लिहायचे, उतरताना तेवढेच परत भरायला लावायचे. आणि शेवटच्या दिवसाला सगळ्यात जास्त जपायचं. त्या दिवशी माणसांना वाटतं की झालं आता. पाय उतारावर असतात, मन घरी पोचलेलं असतं. माझ्याकडचे निम्मे अपघात शेवटच्या दिवसाचे.

लोक तऱ्हेतऱ्हेचे आले. एकाने वीज नसलेल्या पाड्यावर मुक्कामाला कपड्यांची इस्त्री आणली होती. एका नवपरिणीत जोडप्याने मला गंभीरपणे विचारलं, की काका, वाघ साधारण किती वाजता येतो? धुळ्याच्या एक बहात्तर वर्षांच्या आजी नऊवारी आणि पोराचे बूट घालून सगळ्यांच्या पुढे चालल्या आणि पोरांना दमात घेत राहिल्या. अशा लोकांवर मी कधी रागावलो नाही. मजा वाटायची.

राग आला तो एकदाच, आणि तो अजून उतरलेला नाही. म्हणून हे लिहितो आहे.

तोरणमाळच्या पठारापर्यंतच्या वाटा माझ्या स्वतःच्या होत्या. त्यापुढच्या वाटा जमनाबाईंच्या. पठारापलीकडे जायला लागलो त्या सुरुवातीच्या काळात मी चार पाहुण्यांना घेऊन एका नाल्यात भलतीकडेच उतरत होतो, तेव्हा वर मोहाखाली फुलं वेचणारी एक बाई उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "तू चुकना, भाऊ. हाई वाट नही शे." त्या जमनाबाई. टोपली तिथेच ठेवून त्यांनी आम्हाला वाटेला लावलं. त्यांच्या घरी पावरी बोलतात, माझ्या घरी अहिराणी. बाजारामुळे त्यांना अहिराणी यायची, म्हणून आमचं बोलणं तिच्यात चालायचं. पुढे चौदा वर्षं डोंगरापलीकडच्या प्रत्येक फेरीला त्या माझ्यासोबत होत्या. माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. सगळ्यांना एकेरी हाक मारायच्या. मला, पाहुण्यांना, एकदा फिरायला आलेल्या मोठ्या साहेबांनाही. त्यात अपमान नव्हता. त्यांच्या बोलण्यात तू म्हणजे तूच.

आमची सगळ्यात मागणी असलेली फेरी तीन दिवसांची होती. पहिला दिवस पठार, दुसरा दिवस जमनाबाईंचा पाडा, तिसऱ्या दिवशी सकाळी कोट आणि दुपारनंतर पलीकडच्या रस्त्यावर उतरायचं. कोट म्हणजे डोंगराच्या एका सोंडेवरचे पडके अवशेष. घडीव दगडांची निम्मी भिंत, कोरडं टाकं, आणि एका देवळाचे चार खांब. छप्पर कधीचं कोसळलंय. कोरीव दगड गवतात विखुरलेले. मधल्या मोकळ्या जागेत एक शेंदूर लावलेला दगड, आणि त्याच्याभोवती मातीचे घोडे. वीतभर उंचीचे, काही नवे, काही कान-पाय तुटलेले, काही नुसते मातीचे गोळे होऊन गेलेले. आसपासच्या पाड्यांतले लोक नवस फेडायला किंवा नवस बोलायला ते आणून ठेवतात.

त्या फेरीला पुण्याचे अकरा जण होते. त्यांचे पुढारी केसकर सर. मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, वाचन दांडगं, इतिहासावर बोलायला लागले की बाकीचे वह्या काढायचे. चालायला चांगले, तक्रार नाही. मला ते आवडले होते, हे मुद्दाम सांगतो. बाकीच्यांत एक वर्षाताई होत्या, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या, फारसं न बोलणाऱ्या.

तिसऱ्या दिवशी नऊ वाजता आम्ही कोटावर पोचलो. जमनाबाईंनी चपला बाहेर काढल्या आणि त्या एका बाजूला बसल्या. पाहुणे बुटांनिशी आत गेले. मी दरवेळी सांगायचो की बूट काढा, त्या दिवशी मात्र वेळ कमी आहे म्हणून सांगितलं नाही. केसकर सरांनी बाटलीतलं पाणी ओतून कोरीव दगड घासले, फोटो घेतले, कोणतं शतक, कोणती शैली हे समजावलं. मग जमनाबाईंकडे वळून म्हणाले, "बाई, हे देऊळ कोणी बांधलं, माहीत आहे का तुम्हाला?"

त्या म्हणाल्या, "आमनं शे."

सर हसले आणि सगळ्यांना म्हणाले, "पाहिलंत? पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात, पण इतिहासाची जाणीव म्हणून नाही."

मी तिथेच उभा होतो. त्यांनी विचारलं होतं कोणी बांधलं, आणि जमनाबाईंनी सांगितलं होतं कोणाचं आहे. हे मला कळलं होतं. बोललो नाही. पाहुण्याला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडायचं नाही, हा माझा नियम. किती वेळा या नियमाच्या आड मी गप्प बसलो असेन, आता मोजवत नाही.

तिथून दीड तास उतरलं की एक ओढा लागतो. सावली आहे, पाणी बारमाही आहे. तिथे जेवायचं, प्लास्टिक मोजायचं आणि अडीच तासांत रस्त्यावर गाडीजवळ पोचायचं. संध्याकाळी नंदुरबारहून त्यांची रेल्वे होती.

जेवण झाल्यावर मी वही घेऊन एकेकाची पिशवी बघत गेलो. केसकर सरांच्या चार बाटल्या लिहिलेल्या होत्या, तीनच दिसत होत्या. "चौथी खाली असेल," म्हणून मी टॉवेल बाजूला केला. टॉवेलात तीन घोडे होते. त्यांच्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक दगडी चेहरा. नारळाएवढा, मानेपासून तुटलेला, डोळे मिटलेले.

मी विचारलं, "सर, हे काय?"

"स्मृतिचिन्ह," ते म्हणाले. अगदी सहज. "घोडे तिथे ढिगाने पडलेत. आणि तो चेहरा गवतात उपडा होता. पुढच्या पावसाळ्यात वाहून गेला असता. माझ्याकडे नीट राहील. अभ्यास होईल त्याचा."

"ते पडलेले नाहीत, ठेवलेले आहेत."

"अहो, निम्मे फुटलेत."

"फुटले तरी कुणीतरी ठेवलेत."

ते थोडे चिडले. "हे पाहा, मी काही चोर नाही. चाळीस वर्षं जबाबदारीची नोकरी केली आहे. वाटलं तर..." असं म्हणत त्यांनी खिशात हात घातला.

मी म्हणालो, "तो हात तिथेच राहू द्या."

एव्हाना बाकीचे भोवती जमले होते. जमनाबाई ओढ्यावर भांडी घासत होत्या, त्या ओल्या हातांनी आल्या. पिशवीत पाहिलं. खाली बसून एक घोडा उचलला, त्याच्या पोटाखाली अंगठा फिरवला आणि परत ठेवला.

केसकर सरांनी फोन काढला. "तुम्ही मला नियम सांगू नका," ते मला म्हणाले. "तुमचंच माहितीपत्रक आहे हे. वाचून दाखवतो. 'तिसऱ्या दिवशी आपण पोचतो घनदाट जंगलातल्या, काळाने विसरलेल्या, बेवारस अवशेषांपाशी.' बेवारस. हा शब्द माझा नाही, तुमचा."

खरं होतं. शहाद्यात एका छापखान्याच्या बाकावर बसून मीच तो मजकूर लिहिला होता. शब्द भारदस्त वाटला होता. वाचून लोक येतील, असं वाटलं होतं. आणि आले.

जमनाबाईंनी मला विचारलं, "काय लिखेल शे?"

बेवारस हा शब्द त्यांना समजेल असा सांगणं भाग होतं. मी म्हणालो, "हाई कोनंच नही शे, असं लिखेल शे."

"कोनी लिखं?"

"मी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. चौदा वर्षं या बाईने मला त्या जागेवर नेलं, तिच्या पाड्यावर तिच्या हातच्या मक्याच्या भाकरी मी आणि माझ्या पाहुण्यांनी खाल्ल्या, आणि ती जागा कुणाचीच नाही असं मी कागदावर छापून गावोगाव वाटत होतो. केसकरांचा राग आला होता तो होताच. त्याच्या बरोबरीने स्वतःचा इतका राग आला की हातातली वही मिटता येईना.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "ज्यानी उचलं, त्यानीच ठेवाले जोयजे."

मी सरांना सांगितलं, "तुम्हाला वर जाऊन हे ठेवून यावं लागेल. जमनाबाई वाट दाखवतील."

"वर? दीड तास चढून? आमची रेल्वे आहे."

"गाडी खाली उभी आहे. डोकी पूर्ण मोजल्याशिवाय मी गाडी सोडत नाही, हे पहिल्या दिवशी सांगितलंय."

मग गलका झाला. एक गृहस्थ म्हणाले, तुम्ही आम्हाला ओलीस धरताय. एकीने सुचवलं की बाईंनाच देऊन टाका, त्या ठेवतील. बऱ्याच जणांना ते पटलं. मला माझ्या नियमांमधला एकही आठवेना, जो अशा वेळी कामाला येईल. मी नुसतं म्हटलं, "नाही. ते ठेवतील."

वर्षाताई तोवर बूट बांधत होत्या. उभ्या राहून म्हणाल्या, "सर, चला. मी येते सोबत. आपण बोलण्यात घालवतोय तेवढ्यात पाव वाट चढून झाली असती."

त्यांच्या आवाजात वर्गातली जरब होती. केसकर सरांनी चौफेर पाहिलं. मग पिशवी खांद्याला लावली. पुढे जमनाबाई, मागे सर, शेवटी वर्षाताई असे तिघं चढून गेले.

मी बाकीच्यांना घेऊन ओढ्यावर थांबलो. तीन तास. चहा केला, तो निम्म्यांनी घेतला नाही. एकाने मला समजावलं, की इतकं ताणायला नको होतं, शेवटी मातीचेच घोडे. त्या तीन तासांत एकाही माणसाने केसकरांबद्दल वाकडा शब्द काढला नाही. चिडले होते सगळे, पण माझ्यावर. घेणाऱ्याचं कुणाला काही वाटलं नाही, परत ठेवायला लावणारा उद्धट ठरला. याचं आश्चर्य मला अजूनही वाटतं.

वर काय झालं, ते वर्षाताईंनी नंतर सांगितलं. केसकर सरांनी घोडे काढून दगडाजवळ एका रांगेत ठेवले आणि म्हणाले, झालं. जमनाबाईंनी नकारार्थी मान हलवली. त्यांनी एक घोडा उचलून सरांच्या हातात दिला आणि जागा दाखवली. हा पलीकडच्या पाड्यावरच्या एका म्हातारीचा, तिची दृष्टी गेली होती, थोडी परत आली. दुसरा त्यांच्या सुनेच्या बाळंतपणाचा. तिसरा घोडा देताना त्यांनी थोडा वेळ हातात धरून ठेवला. "हाऊ मन्हा भाऊना." त्यांचा धाकटा भाऊ तीन वर्षांपूर्वी गुजरातमध्ये बांधकामावर गेला होता, त्याचा पत्ता नव्हता. तो परत यावा म्हणून ठेवलेला घोडा. सरांनी तो ठेवला.

दगडी चेहरा कुठला, हे जमनाबाईंनाही सांगता आलं नाही. त्यांनी तो शेंदराच्या दगडाशेजारी ठेवायला लावला. या वेळी उपडा नाही, सरळ. वर्षाताईंनी फोटो काढला.

सूर्य मावळता मावळता आम्ही रस्त्यावर पोचलो. रेल्वे गेली होती. मी डोकी मोजली. गाडीत बारा पाहिजे होती, मला धरून, ती भरली. केसकर सर गाडीत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, विषय संपला.

अडीच महिन्यांनी जमनाबाईंच्या मुलाचा फोन आला, की कोटाला कुंपण घालतायत.

जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या एका सरकारी कार्यालयात कुणीतरी सविस्तर, उत्तम भाषेत अर्ज केला होता. खाली नाव केसकरांचं. अर्जात म्हटलं होतं, की एका मौल्यवान प्राचीन वास्तूची स्थानिकांकडून हानी होत आहे. शेंदूर फासला जातो, मातीच्या वस्तूंचा कचरा साचला आहे, कोरीव अवशेष उघड्यावर पडले आहेत. सोबत फोटो. अर्ज इतका नीट होता की त्यावर कारवाई झाली, आणि आमच्या भागात किती अर्जांवर इतक्या लवकर कारवाई होते ते मी सांगायला नको. काटेरी तार आली, लोखंडी फाटक आलं, कुलूप आलं आणि फलक आला. फलकावर लिहिलं होतं, आत मातीच्या वस्तू टाकण्यास मनाई आहे.

टाकण्यास. मी त्या फलकासमोर उभा राहून तो शब्द चार वेळा वाचला.

दगडी चेहरा सुरक्षिततेसाठी कार्यालयात नेला होता. कोणाचा आहे हे विचारायलासुद्धा कुणी पाड्यावर आलं नाही.

मी जमनाबाई आणि पाड्यातल्या चार जणांना घेऊन त्या कार्यालयात गेलो. तिथला माणूस सभ्य होता, पाणी दिलं. म्हणाला, "तक्रारदार जाणकार आहेत. तुमच्याकडे काही लेखी आहे का, की ही जागा वापरात आहे?"

लेखी होतं. माझं पत्रक होतं, आणि ते उलट बाजूने साक्ष देत होतं. केसकरांनी ते अर्जाला जोडलंसुद्धा होतं. त्या माणसाने माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, "हे तुमचंच ना?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा माझं तोंड उघडलं, असं म्हणायला हरकत नाही. तिथेच कागद मागून घेतला आणि लिहून दिलं, की पत्रकातला मजकूर खोटा आहे आणि तो मी लिहिला आहे. ओढ्यावर काय घडलं तेही लिहिलं, नावानिशी. वर्षाताईंना फोन केला. त्यांनी आठवड्यात सही करून पत्र पाठवलं, सोबत तो फोटो. केसकर सर खाली वाकून घोडा ठेवतायत आणि जमनाबाई बोटाने जागा दाखवतायत. पुण्याच्या त्या मंडळींत वर्षाताईंना पुन्हा बोलावलं गेलं नाही, हे मला दुसऱ्याकडून कळलं. त्या स्वतः बोलल्या नाहीत.

मग पाड्यावर सभा झाली. लोक एकेक करून उभे राहिले आणि कोणता घोडा कुणाचा ते सांगत गेले. आलेल्या अधिकाऱ्याने सुरुवातीला लिहून घेतलं, पुढे लिहिणं थांबवून नुसतं ऐकलं. सभा दुपारभर चालली.

निकाल अर्धा लागला. कुलूप निघालं. फाटक राहिलं, तार राहिली, फलकही अजून तिथेच आहे, फक्त त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. चेहरा परत आलेला नाही. त्याची नोंद झाली आहे, वरिष्ठांना लिहिलं आहे, असं दरवेळी सांगतात. मी दर तीन महिन्यांनी विचारायला जातो. तो एका कपाटात, वर्तमानपत्रातच गुंडाळलेला आहे. तिथे त्याचा कोण अभ्यास करतंय, मला माहीत नाही.

पत्रकं मी जाळली आणि ती फेरी बंद केली. मग दुसऱ्या फेऱ्यांतही मन लागेना. पाहुण्यांच्या पिशव्यांकडे मी बाटल्या मोजणाऱ्याच्या नजरेने बघत नव्हतो, झडती घेणाऱ्याच्या नजरेने बघत होतो. अशा माणसाने लोकांना जंगलात नेऊ नये.

गेल्या वर्षी पिकं निघाल्यावर कोटावर पाड्यांची पूजा होती. मी निरोप न देताच गेलो. फाटकाबाहेर बूट काढून उभा राहिलो. आत जावं की नाही, कळत नव्हतं. जमनाबाईंनी मला पाहिलं, पण लगेच आल्या नाहीत. त्यांचं आटोपल्यावर आल्या, हातात भाकरीचा तुकडा आणि गूळ होता, तो दिला. आम्ही भिंतीच्या सावलीत बसलो. भावाचा पत्ता अजून नव्हता. त्यांनी यंदा त्याच्यासाठी दुसरा घोडा ठेवला होता.

मी विचारलं, "पुढल्या वर्षी येऊ?"

त्यांनी खाली ओढ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मान्सं लई येऊ नको."

"नाही आणणार."

"तू ये," त्या म्हणाल्या. "एकलाच ये."